गुळाला कुलूप

२२ ऑक्टोबर, मंगळवार

हे आज घरी आले. सांगलीच्या दवाखान्यातनं. दारू सोडवायला ठेवलं होतं, सोडवून दिली म्हणतात. बघू.

रिक्षातनं उतरले, पायरीवर बसले. चप्पल काढायच्या आधी पहिला शब्द — "अगं, गोड काय हाय का घरात?"

मी बघतच राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं कधी गोड मागितलेलं मला आठवत नाही. मिलिटरीतनं रजेवर यायचे तेव्हासुद्धा ताटात शिरा वाढला की बाजूला सारायचे. चिवडा दे, भजी कर, सुकट भाज. आणि आज गोड! गुळाचा खडा दिला. तो चघळून संपवला आणि दुसरा मागितला.

दवाखान्यात अपेक्षा मॅडम म्हणून एक पोरगी आहे. पेशंटशी आणि घरच्यांशी बोलत बसायचं हेच तिचं काम. ती म्हणाली, मावशी, रोज दोन ओळी लिहीत जा, कसे वागतात, काय मागतात. मी म्हणलं, बाई, मी चौथीत शाळा सोडली. म्हणाली, चौथी बास झाली. खताच्या दुकानदारानं दिलेली डायरी कोरीच पडली होती. लिहिते.

२४ ऑक्टोबर

चहात चार चमचे साखर. तळाला राहते ती बोटानं चाटतात. हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस!

२७ ऑक्टोबर, रविवार

राजीचा फोन. आमची एकुलती एक, राजेश्वरी. साताऱ्याला दिली. सहावा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, सगळीकडं तीच रीत. पण हिनं श्रावणातच सांगून टाकलं होतं — "आबा पीत असतील तर मी येणार न्हाई. हितंच दवाखान्यात नाव घालते." म्हणून तर हे सांगलीला गेले. मी जन्मभर बोंबलले तेव्हा गेले नाहीत. लेकीनं एकदा म्हणलं आणि गेले.

आज विचारते, "प्यायले न्हाईत न्हवं?"

"न्हाई. गूळ खात्यात."

"गूळ?" मग म्हणते, "किती खात्यात?"

किती म्हणजे काय! मी काय तराजू घेऊन मागं फिरू?

सासरची लाज वाटत असणार तिला. जावई वीरधवलराव सातारला गाड्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, सुपारीचं खांड तोंडात नाही. अशा घरात कसं सांगायचं, माझा बाप सांजच्याला गटाराकडेला सापडतो म्हणून! मला कळतं. कळलं म्हणून टोचायचं थांबत नाही, ती गोष्ट वेगळी.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. नैवेद्य दाखवायच्या आधी करंज्यांच्या डब्यात ह्यांचा हात. मी लाटणं उगारलं.

हे हसले नाहीत. म्हणाले, "कळतंय गं मला. लाज वाटती. पण सांज झाली की आतनं वढ लागती. आदी ती वढ गुत्त्याकडं न्यायची. आता डब्याकडं नेती."

लाटणं खाली ठेवलं.

५ नोव्हेंबर

अपेक्षा मॅडमला फोन लावला. म्हणलं, हे काय नवीन काढलंय तुम्ही? एक गेलं आणि एक आलं!

ती हसली. म्हणाली, बहुतेकांना होतं मावशी. दारूनं रक्तातली साखर वरखाली व्हायची, अंगाला त्याची सवय. दारूनं डोक्याला जे बरं वाटायचं, तसंच थोडं गोडानं वाटतं. दारू मिळेना म्हटल्यावर डोकं गोडाकडं पळतं. काही महिन्यांत कमी होईल. वेळेवर जेवायला घाला, रागवू नका.

म्हणजे दारू गेली आणि तिची मावसबहीण राहायला आली.

रागवू नका म्हणे. सांगायला काय जातंय!

१० नोव्हेंबर

घराला लागून माझी पिठाची गिरण आहे. ती आहे म्हणून हे घर चाललं. जन्नतबी दळण घेऊन आली. तिचा भाऊ बशीर आष्ट्याच्या स्टँडजवळ बेकरी चालवतो. डबा ठेवत नाही तोवर म्हणाली,

"वैनी, लालाभाऊंनी सोडली वाटतं!"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? रोज सांजच्याला बेकरीत येऊन क्रीमरोल खात्यात. बशीर म्हणतो, गावात कुणी दारू सोडली की पयलं मला कळतं. बायकूला मागनं!"

मी गिरण चालू केली. आवाजात तिचं हसणं ऐकू येईना.

रात्री जेवताना ह्यांना विचारलं, "क्रीमरोल?"

"एकच," म्हणाले.

एकच! घरात पोळीवर काकवी ओतून खातात ती वेगळी.

१७ नोव्हेंबर, रविवार

निवडणूक. गावात फुकट वाहतंय. धाब्यावर मोटारसायकली लावायला जागा नाही. हे संध्याकाळी माझ्यासंगं गिरणीत बसून राहिले. खिशात फुटाणे आणि गूळ. लोकांचे डबे उतरवून घेतले, चाळण झाडली. आकाराम येऊन दारात उभा राहिला. ह्यांच्याच पलटणीतला, पेन्शनपण ह्यांच्याएवढीच, पिणं ह्यांच्या दुप्पट.

"काय हवालदार, बायकूच्या हाताखाली पोस्टिंग झालं व्हय?"

"व्हय. हितं राशन चांगलं हाय," म्हणाले आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

मला हसू आलं. दाखवलं नाही.

२४ नोव्हेंबर

माजी सैनिकांच्या संघटनेनं ह्यांचा सत्कार केला. दारू सोडली म्हणून! शाल, नारळ, कंदी पेढ्यांचा पुडा. मग जो येईल तो एक पेढा ह्यांच्या तोंडात घालणार. "घ्या हवालदार, तोंड गोड करा." ह्यांनी एकालाही नाही म्हणलं नाही. आम्हा लोकांना दुसरं काही सुचतच नाही. आनंद झाला, घाल तोंडात पेढा.

२ डिसेंबर

आकाराम मिलिटरी कॅन्टीनला गेला होता. आमचं कार्ड त्याच्याजवळ देते, तो सामान आणतो. साबण, तेल, चहापूड आणि ह्यांच्या वाट्याची रम.

कुणी म्हणेल, सोडली तर रम कशाला? आमचा दोन एकर ऊस उभा आहे. ऊसतोड टोळीचा मुकादम बाटली बघितल्याशिवाय फडात कोयता घालत नाही. तशी सगळेच देतात. ज्याच्या घरात फौजी त्याचा ऊस आधी तुटतो, हे शेंबडं पोर सांगेल. हक्काचा कोटा कोण सोडतं!

बाटली गिरणीत ठेवली. कोंड्याच्या पोत्यात, तळाला. ह्यांना काय कळतंय.

८ डिसेंबर, रविवार

साताऱ्याला जाऊन आलो. राजीचं डोहाळजेवण. फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं दणक्यात. मुलगी वाळली आहे पण तोंडावर तेज आहे. जावई उशिरा आले. शोरूममध्ये गिऱ्हाईक होतं म्हणाले. डोळे ओढलेले. कामाचा ताण लय असतो म्हणे.

राजी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. मला वाटलं दुखतंय-खुपतंय सांगेल. तर आबांचंच! झोप लागते का, हात थरथरायचे ते थांबले का, चिडचिड कवा जास्त होते. म्हणलं, "बाई, तुझं पोट बघ. आमचं आम्ही बघतो."

"सांग की गं आई," म्हणाली. सांगितलं. पहिल्या तारखेला न्यायला या म्हणाली.

पहिल्यांदा तिच्या तोंडनं तारीख ऐकली. येताना गाडीत हे खिडकीकडं तोंड करून बसले होते. डोळे पुसत होते. मी बघितलंच नाही असं केलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

ह्यांना सारखी तहान लागत होती म्हणून आष्ट्यात रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली. डॉक्टर पोरगाच आहे. म्हणाला, काका, एक विष सोडून दुसरं धरलं! गोड बंद करा. गोळी लिहून दिली.

घरी आल्या आल्या गूळ, साखर, काकवी, सगळं लोखंडी पेटीत टाकलं. कुलूप. किल्ली कमरेला. बशीरला निरोप धाडला, ह्यांना काही द्यायचं नाही.

हे उंबऱ्यात उभे राहून बघत होते. "अगं, एकदम सगळं नको. एक खडा तरी भायेर ठेव."

"डॉक्टरला जाऊन सांगा," म्हणलं.

२० डिसेंबर

बिनसाखरेचा चहा. एक घोट घेतला आणि परसात ओतला. दुपारी जेवले नाहीत. घरभर येरझाऱ्या. ताक दिलं, नको. भाकरी दिली, नको. मांजरावर ओरडले.

रुसू देत. मीपण काय कमी नाही.

२२ डिसेंबर, रविवार

प्यायले.

बाजार करून आले तर गिरणीचं दार उघडं. जमिनीवर सगळा कोंडा सांडलेला. हे पोत्याला टेकून बसलेले, बाटली दोन गुडघ्यांच्या मध्ये, निम्मी खाली. अंगभर कोंडा.

मला बघून म्हणाले, "गूळ हुडकत हुतो गं."

एवढंच म्हणाले.

शिव्या देणार होते. तोंडात आलेल्या. पण माणूस खरंच गूळ हुडकत होता. गुळाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला बांधून फिरले. आणि बाटली सुतळीनं तोंड बांधलेल्या पोत्यात! शेंबडं पोर सांगेल म्हणे.

उरलेली मोरीत ओतली. ह्यांना धरून घरात आणलं. वजन तेवढंच आहे, जुनंच.

२३ डिसेंबर

मी म्हणलं, राजीला सांगायचं नाही. हे ऐकेनात. सकाळी उठून अंघोळ केली, अंगात सदरा घातला आणि स्वतः फोन लावला. उभं राहून. साहेबापुढं उभं राहतात तसं.

"राजा, मी काल प्यालो."

तिनं फोन माझ्याकडं द्यायला सांगितलं. मी मन घट्ट करून ऐकायला तयार.

"मी पयल्या तारखेला येत न्हाई," म्हणाली. ते येणारच होतं. पण पुढं म्हणते, "कशानं झालं, आई? आदल्या दिवशी काय झालेलं? जेवले हुते का? गोड एकदम तोडलं का?"

मी भडकले. "तू लेक हायेस का पोलीस? येत न्हाईस तर न्हाई, चौकशा कशाला?"

"मला कळाय पायजे," म्हणाली. रडत होती. बाप प्याला म्हणून एवढं रडायला ती काय लहान आहे? ह्याच्याहून किती वाईट बघितलंय तिनं.

२४ डिसेंबर

सांगलीला घेऊन गेले. अपेक्षा मॅडमनं मला आधी शांतपणे विचारलं, घरात बाटली कशी? मुकादमाचं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला नाही, बरी आहे पोरगी.

तिथल्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, साखर कमी करायची, पण माणसाला उपाशी आणि बेचैन ठेवून नाही. दिवसातनं चार-पाच वेळा थोडं थोडं खायला. हरभरे, शेंगदाणे, अंडी, ताक. चालणं. गोळी वेळेवर. जेवणानंतर अगदी जरासं गोड, सुपारीएवढं, ते माझ्या हातानं. आणि घरात दारूचा थेंब नको.

हे म्हणाले, "आदी हे सांगितलं असतं तर."

मी म्हणलं, "आदी मी विचारलं न्हाई."

२८ डिसेंबर

ह्यांनी आकारामला घरी बोलावलं. "हितनं फुडं कार्डावर साबण आन, तेल आन. रम आणायची न्हाई."

"हक्काचा कोटा सोडतोस व्हय रं? खुळा झालास का काय?"

"व्हय. खुळा."

आकाराम चहा पिऊन गेला. बिनसाखरेचाच दिला.

३ जानेवारी

मुकादम आला. बसला. इकडंतिकडं बघितलं. "मावशी, यंदा काय न्हाई का?"

"न्हाई."

"मग तुमचा नंबर मागं जाईल बघा."

"जाऊ दे."

शेजारचा फड आज मोकळा झाला. आमच्या उसाला तुरे आलेत. वजन घटणार. हे बांधावर जाऊन बघून आले.

१४ जानेवारी

संक्रांत. ह्यांनी तिळगुळाचा एकच लाडू घेतला. निम्मा मला दिला. मी वाट बघत होते दुसरा उचलतील म्हणून. उचलला नाही.

राजीला फोनवर सांगितलं. "सांजच्याला अजून वढ लागती का त्यांना?" विचारते.

"लागती. कमी झालीय. त्या वेळंला भायेर चालून येत्यात."

"किती दिवसांनी कमी झाली?"

"आगं तू ये आणि त्यांनाच विचार!"

मग म्हणाली, "येते."

२९ जानेवारी, बुधवार

आली! पोट एवढं पुढं. जावई सोडायला आले होते. चहा घेतला आणि लगेच गाडी फिरवली, मीटिंग आहे म्हणून. थांबा म्हणलं, जेवून जा. नाही. पोरीनं गाडी वळणावरनं दिसेनाशी होईतोवर बघितलं.

आल्या आल्या कपाटं उघडून बघितली. गिरणीत गेली. पोत्यात हात घातला! मला राग आला पण म्हणलं बघू दे. बघितल्याशिवाय कसा विश्वास बसेल.

हे बाजूला उभे होते. म्हणाले, "माझ्या ट्रंकतपण बघ."

तिथंही बघितलं. मग बापाच्या छातीवर डोकं ठेवलं. मध्ये पोट येत होतं, वाकडं उभं राहावं लागलं.

५ फेब्रुवारी

बाप-लेक संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं चालून येतात. मला बोलावलं तरी मी कुठं जाते? दळण असतं. येतात तेव्हा दोघांचं बोलणं चालूच असतं. एवढं बोलताना ह्यांना मी पाहिलेलं नाही. "पयला आठवडा लय वंगाळ," हे म्हणत होते. "तवा एकट्याला ठेवायचं न्हाई." मी गेल्यावर गप्प झाले.

माझ्यापुढं बोलायला काय होतंय? तो पहिला आठवडा निस्तरायला दवाखान्यात उशाला मीच होते की!

११ फेब्रुवारी

ऊस तुटला. एकदाचा. दुसऱ्या टोळीनं. वजन कमी भरलं. भरू दे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी! दोघी सुखरूप. नाकावर ह्यांच्यासारखा उंचवटा आहे, बिचारी.

ह्यांनी बशीरकडनं बर्फी आणली, सगळ्या दवाखान्याला वाटली. नर्सबाई म्हणाल्या, काका, तुम्ही? "मी वाटणारा," म्हणाले. स्वतः घेतली नाही. मला तेवढं पुरे.

जावयाला सकाळीच फोन केला. फोन बंद.

१९ फेब्रुवारी

जावई दुपारी आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मुलीला हातात घेतलं तर हात कापत होते. पहिलटकर बाप, घाबरतात. राजीनं त्यांच्याकडं बघितलं नाही, पण मुलीच्या खाली आपला हात धरून ठेवला.

२ मार्च, रविवार

बारसं. नाव प्रियदर्शनी ठेवलं. सातारची मंडळी जेवून संध्याकाळी गेली. जावई मागं राहिले.

३ मार्च

जावई अजून आहेत. मोठी बॅग आणलीय. सकाळी राजी चुलीपाशी येऊन बसली. "आई, ह्यांना महिनाभर हितंच ठेवून घे. उद्या आबा सांगलीला दाखवायला नेणार हायत. त्या अपेक्षा मॅडमकडं."

मी म्हणलं, "कवापासनं?"

"लग्नाच्या आदीपासनं. साताऱ्यात कुणाला म्हाईत न्हाई. म्हणून तर मी आबांच्या मागं लागले. ह्यांना घेऊन यायला कुठलं तरी कोरडं घर पायजे हुतं."

मला वाटायचं तिला आमची लाज वाटते.

जावयाचं अंथरूण ह्यांच्या खोलीत घातलं.